छप्पर बदलताना घर, अंगण आणि गोठा कसा जपावा

सातारा जिल्ह्यात छप्पराची कामं बहुतेक घरी एप्रिल-मेमध्ये निघतात. शाळू घरात आलेला असतो, मुलांना सुट्टी असते, मुंबई-पुण्याची माणसं गावी असतात. पण नेमका तोच वळवाचा मोसम. सकाळी लख्ख ऊन, दुपारी चारला वावटळ आणि पाचला गारा. शक्य असेल तर काम जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत उरका. सुगीमुळे मजूर मिळायला जड जातं हे खरं, पण उघड्या घरात वळीव शिरण्यापेक्षा चार दिवस मजुरांची वाट पाहणं परवडतं.

वीस बाय तीस फुटांच्या घराचं छप्पर साधारण ५६ चौरस मीटर जागा झाकतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २५ मिलिमीटरची एकच जोराची सर आली तर घरात १,४०० लिटर पाणी पडतं. मातीच्या भिंतीचं घर असेल तर एवढ्यानेच भिंत खचायला सुरुवात होऊ शकते. म्हणून या कामाचा पहिला नियम: सकाळी तेवढंच उघडायचं, जेवढं दुपारी चारच्या आत झाकता येईल. मिस्त्री म्हणेल, एका दिवसात सगळं उतरवतो. उतरवणं एका दिवसात होतं, चढवणं होत नाही. कैच्या (छप्पर तोलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि पर्लिन (त्यांवरचे आडवे दांडे, ज्यांवर पत्रे बसतात) जागेवर तयार नसतील, नवे पत्रे अंगणात आलेले नसतील, तर एकही कौल काढू देऊ नका.

आतलं सामान

माळा आधी पूर्ण रिकामा करा. कौलांखाली पन्नास-साठ वर्षांची काजळी, जळमटं, उंदरांच्या लेंड्या आणि वटवाघळांची घाण साठलेली असते. पहिल्या दोन ओळी निघाल्या की ती सगळी खाली येते. ज्या खोलीवर काम चालू आहे, तिथे एकही भांडं उघडं नको.

धान्याची काळजी सर्वांत आधी घ्या. पोती, कणगी, डबे दुसऱ्या घरी हलवता आले तर उत्तम. हलत नसतील तर जमिनीवर फळ्या टाकून पोती त्यावर ठेवा आणि वरून दोन पदरी प्लॅस्टिक घाला. प्लॅस्टिक पोत्याला घट्ट गुंडाळू नका. उन्हाळ्यात आत घाम धरतो आणि धान्याला वास लागतो. वरून तंबूसारखं सोडा आणि खालून चार बोटं मोकळं ठेवा.

कपाट, टीव्ही, फ्रीज, शिलाई मशीन यांना १०० मायक्रॉनच्या आसपासचं प्लॅस्टिक पुरतं. फ्रीज झाकायचा असेल तर आधी बंद करा, कारण चालू फ्रीज गुंडाळला तर मागची जाळी तापते. देव्हाऱ्यातले देव आणि भिंतीवरचे फोटो, आरसे, घड्याळ उतरवून ठेवा. वर हातोडा चालतो तेव्हा भिंत हादरते आणि खुंटीवरच्या वस्तू आपोआप सुटतात. फरशी नवी असेल तर त्यावर आधी गोणपाट आणि मग प्लॅस्टिक टाका. नुसत्या प्लॅस्टिकवर कौल पडलं तर फरशी फुटते, शिवाय त्यावरून पाय घसरतो.

वीज

जुन्या घरांत वायर वाशांवरून किंवा आढ्यावरून फिरवलेली असते आणि तिचं वेष्टण उंदरांनी कुरतडलेलं असतं. काम सुरू होण्याआधी वायरमनकडून वरची सगळी वायरिंग मेनपासून सोडवून घ्या. मेन स्विच खाली पाडून ठेवणं पुरेसं नाही, कारण मजूर दुपारी ड्रिल लावायला तो वर करतोच. मशिनांसाठी मीटरजवळून वेगळा बोर्ड काढा. त्यावर गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी, तीस मिलिअँपिअरचं, जरूर बसवा.

महावितरणच्या खांबावरून येणारी सर्व्हिस वायर छपराला टेकलेली किंवा भिंतीतल्या पाइपला बांधलेली असेल, तर तिला कोणीही हात लावायचा नाही. महावितरणच्या कार्यालयात अर्ज द्या आणि लाइनमनकडून ती सोडवून किंवा बाजूला घेऊनच काम सुरू करा. बारा फुटांचा पत्रा आडवा धरून वळणाऱ्या माणसाला मागची तार दिसत नाही. अशा कामातले विजेचे अपघात बहुतेक असेच होतात.

अंगण, आड, गोठा

वळचणीपासून बाहेर दहा फुटांचा पट्टा हे कामाचं मैदान समजा. तिथली तुळस, कुंड्या, चूल, दुचाकी, सायकली हलवा. तुळशी वृंदावन हलत नाही, त्याभोवती चार बांबू रोवून वर फळ्या टाका. आड किंवा हौद जवळ असेल तर तोंडावर फळ्या आणि त्यावर ताडपत्री टाका. बोअरच्या केसिंगला टोपण घाला. छपराचं पाणी पन्हळीतून टाकीत जात असेल, तर पाइप आधीच सोडून ठेवा आणि पुढच्या दोन-तीन मोठ्या सरींपर्यंत जोडू नका.

दोरी बांधून वाट बंद करा. गावठाणात घरं एकमेकांना चिकटून असतात आणि मुलांची शाळेची वाट नेमकी आपल्याच बोळातून जाते. शेजाऱ्यांना आठ दिवस आधी सांगा. सामाईक भिंत असेल तर त्यांच्या बाजूचे फोटो त्यांच्यासमोरच काढा. तडा आधीचा की नंतरचा, हा वाद तिथेच मिटतो. त्यांच्या कौलांवर पाय द्यावाच लागला तर वासे पाहून त्यांवर आडवी फळी टाका आणि फळीवरूनच चाला. आणखी एक: नवीन पत्रा जुन्या कौलापेक्षा फूटभर बाहेर काढायचा मोह होतो. ती पागोळी कुणाच्या हद्दीत पडणार, हे पत्रे मागवण्याआधी ओळंबा सोडून बघा.

आता गोठा. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही. जिभेने घास ओढते आणि फारसं न चावता गिळते. त्यात आलेला खिळा किंवा बाइंडिंग तारेचा तुकडा पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीत, जाऊन बसतो. पुढे तो पोट आणि छाती यांमधला पडदा भोसकून थेट हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचतो. जनावर अचानक चारा सोडतं, दूध आटतं, पाठ कमानीसारखी करतं, उतारावरून चालायला नको म्हणतं. पुढच्या टप्प्यात गळ्याखालच्या पोळीला सूज येते. तेव्हा उपाय फार थोडे उरतात. छपराच्या कामानंतर महिना-दोन महिन्यांनी हे उद्भवलं तर त्याचा त्या कामाशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून काम संपेपर्यंत जनावरं दुसरीकडे बांधा. कडब्याची गंज कामाच्या वाऱ्याखाली असेल तर तीही झाका आणि गव्हाणीवर ताडपत्री टाका. काम चालू असताना अंगणात वैरण कापू नका. यातलं कुठलंही लक्षण दिसलं तर पशुवैद्यकाला बोलावताना छप्पर बदलल्याचं आवर्जून सांगा.

कौलं उतरवताना

मंगलोरी कौल दोन ते अडीच किलोचं असतं आणि शंभर चौरस फुटांना साधारण १४० ते १५० कौलं लागतात. म्हणजे आपल्या वीस बाय तीसच्या घरावर दोन टनांच्या आसपास वजन आहे. ते एका पाखावरून, म्हणजे छपराच्या एका उतारावरून, पूर्ण काढलं आणि दुसरं तसंच राहिलं, तर जुन्या कैच्या एका बाजूला झुकतात. दोन्ही पाखांवरून सारख्या ओळी, आढ्याकडून वळचणीकडे उतरवत या. आढ्यावरची कोनी चुन्यात किंवा सिमेंटात बसवलेली असते. ती छिन्नीने हलकेच सोडवा, घणाने नको.

कौल उचलताना लांबची कड आपल्याकडे वर करा. खाली विंचू असतो, कधी साप असतो, गांधीलमाशीचं पोळंही असतं. जाड कातडी हातमोजे सगळ्यांना द्या. आग्या मोहोळ दिसलं तर काम थांबवून आधी जाणकाराकडून ते काढून घ्या. चिमण्यांची पिल्लं असलेलं घरटं सापडलं तर तेवढा कोपरा शेवटी ठेवा.

कौलं वरून खाली टाकायची नाहीत. माणसांची साखळी करा किंवा फळीची उतरण लावा. रचताना कौलं उभी, कडेवर ठेवा, आडवी थप्पी खालच्या कौलांना फोडते. तीन थरांपेक्षा उंच रचू नका आणि मातीच्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. दोन टनांचा तो रेटा भिंत बाहेर ढकलतो.

छप्पर निघालं की भिंतींकडे लक्ष द्या, नवख्यांचं याकडेच दुर्लक्ष होतं. पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला छपराचं वजन वरून दाबून धरत होतं. ते गेल्यावर ज्या त्रिकोणी भिंतीवर आढं टेकत होतं, ती एकटी उभी राहते. वाऱ्याचा एक झोत तिला पाडू शकतो. आढं आणि तुळया काढण्याआधी तिला दोन्ही बाजूंनी तिरके बांबूचे किंवा बल्लीचे टेकू द्या, किमान तीन जोड. टेकूचा पाय जमिनीत फूटभर गाडा आणि वरच्या टोकाशी आडवी फळी लावा, नाहीतर बांबू मातीत घुसतो. सगळ्या भिंतींच्या माथ्यावर प्लॅस्टिकची पट्टी टाका. दोन्ही बाजूंना फूटभर लोंबू द्या आणि वर वाळूच्या चपट्या पिशव्या ठेवा. दगड-विटा नको, खाली माणसं असतात.

पाटण, जावळी, कोयनेच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथल्या अनेक घरांच्या भिंती थातूरमातूर दुरुस्त होऊन वरून गिलावा झाला. छप्पर निघाल्यावर त्या जुन्या भेगा वरून दिसतात. कोपऱ्यात उभी भेग माथ्यापर्यंत आली असेल तर तिथे काम थांबवा आणि इंजिनिअरला दाखवा. पत्र्याचं छप्पर हलकं असतं, म्हणून ते कशावरही बसेल असा समज चुकीचा आहे. हलकं छप्पर वारा वर उचलतो. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. कैच्यांचे पाय नुसते मातीच्या भिंतीत गाडू नका, काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने किंवा स्वतंत्र खांबांवर बांधा.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर

इथे घाई अजिबात नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असताना ते बांधलेले असतात. फोडला, कापला, घासला की हवेत सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, पण फुप्फुसात जाऊन बसतात आणि फुप्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) वीस-तीस वर्षांनी दिसतो. आजच्या मजुराला आज काहीच होत नाही, म्हणूनच तो ऐकत नाही. त्याला समजावून सांगणं हे घरमालकाचं काम आहे. पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे की नाही, अशी शंका असेल तर आहे असंच धरून चाला.

१. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क चालत नाही. एफएफपी-३ किंवा पी-१०० मास्क घ्या, रोज नवा, नाकावर घट्ट बसणारा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही.

२. पत्र्याखालच्या अंगणात आणि घरात जाड प्लॅस्टिक अंथरा, २०० मायक्रॉनचं. शेजाऱ्यांना दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगा. मुलं आणि गरोदर बाई असेल तर तेवढे दिवस दुसऱ्या घरी पाठवा.

३. फवारणीच्या पाठीवरच्या पंपाने पत्रा ओला करा. पंप कीटकनाशकाचा असेल तर आधी नीट धुऊन घ्या. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकले तर पाणी आत मुरतं. जोराचा फवारा मारू नका. मात्र ओल्या पत्र्यावर शेवाळ निसरडं होतं, म्हणून चढणं फक्त फळ्यांवरून.

४. जुना पत्रा ठिसूळ असतो. वरून पूर्ण शाबूत दिसतो आणि पाय ठेवताच माणूस आरपार खाली जातो. पत्र्याखाली ज्या रेषेत पर्लिन आहे त्या रेषेवर, निदान दोन पर्लिनना टेकणारी रुंद फळी टाकून तिच्यावरच वावरा. शक्य तिथे खालून, परांचीवर उभं राहून नट सोडवा. कमरेचा पट्टा नव्हे, खांद्यापर्यंतचा हार्नेस मजबूत कैचीला बांधा.

५. गंजलेले जे-हुक (पत्रा पर्लिनला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट) ग्राइंडरने कापायचे नाहीत. ग्राइंडर बोल्टबरोबर पत्राही कापतो आणि सगळी धूळ घरात येते. बोल्ट कटर वापरा किंवा हॅक्सॉ ब्लेडने, पाणी मारत कापा. हातोड्याने ठोकायचं नाही.

६. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या वर भरतो. तीन माणसांनी, दोरीने, अखंड खाली घ्या. खाली टाकू नका.

७. उतरलेले पत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावा. तुकडे ओले करून जाड दुहेरी पिशवीत भरा. अंगण कोरड्या झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही त्याच पिशवीत टाकायचं. कामाचे कपडे झटकू नका, वेगळे धुवा.

या तुकड्यांचं पुढे काय होतं? पाणंदीच्या चिखलात भर म्हणून टाकतात. ट्रॅक्टरची चाकं ते रोज दळतात आणि उन्हाळ्यात तीच धूळ सगळी वस्ती श्वासातून घेते. शेतात पुरणं, ओढ्यात ढकलणं, चुलीला आडोसा करणं, सगळंच वाईट. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून मंजूर जागीच द्या. तोपर्यंत गुंडाळलेले पत्रे वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवा.

ताडपत्री

२०० ते २५० जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) एचडीपीई प्लॅस्टिकची ताडपत्री घ्या, शेतीच्या दुकानात मिळते तीच. आपल्या घराला लांबीकडून तीस फूट, दोन्ही पाखांवरून साधारण पंचवीस फूट आणि चारी बाजूंनी दोन-दोन फूट लोंब, असं धरून २४ बाय ३० च्या दोन लागतात. एकच मोठी घेऊ नका. वारा सुटल्यावर ती चार माणसांना आवरत नाही. दोन्हींचा जोड किमान तीन फूट एकावर एक घ्या, वाऱ्याकडची वर.

ताडपत्री आढ्यावरून दोन्हीकडे उतरली पाहिजे. आढ्यापाशीच संपवली तर पाणी तिथूनच शिरतं. उघड्या वाशांवर दोन-दोन फुटांवर बांबू टाका, नाहीतर मध्ये खोळ होते, तिच्यात शेकडो लिटर पाणी साचतं आणि ताडपत्री फाटून एकदम खाली येतं. खालच्या कडेला बांबूवर दोन वेढे गुंडाळून तो वळचणीखाली लोंबता ठेवा आणि दर तीन फुटांवर दोरीने खाली खुंटीला ताणा. खिळे मारले की तिथूनच गळतं आणि तिथूनच फाटतं. रात्री एकदा उठून गाठी बघा.

ढग गडगडला की सगळ्यांनी खाली उतरायचं, ताडपत्री अर्धी राहिली तरी. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मिस्त्रीच्या फोनवर असू द्या.

वेल्डिंग आणि नवे पत्रे

वेल्डिंगच्या ठिणग्या वाळलेल्या वाशांत, जळमटांत आणि कडब्यात पडतात. वेल्डिंगखाली प्लॅस्टिक ठेवू नका, ते पेटतं. ओलं गोणपाट किंवा जुना लोखंडी पत्रा टाका. खिडकीच्या काचेवर आणि फरशीवर ठिणगी चिकटली की कायमचा डाग पडतो, त्यामुळे तीही झाका. दोन बादल्या पाणी आणि एक माणूस, वेल्डिंग थांबल्यावरही तासभर तिथेच. शक्य ते सगळं वेल्डिंग जमिनीवर, घरापासून लांब करून घ्या.

नवे कलर पत्रे आडव्या फळ्यांवर, एका बाजूने थोडे उतरते ठेवा आणि दोरीने बांधा. बारा फुटांचा पत्रा सतरा-अठरा किलोचा असतो, वावटळ तो सहज उडवते आणि त्याची कड विळ्यासारखी कापते. थप्पीत पाणी शिरलं तर आठवड्यात पांढरा गंज धरतो. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. तापलेला कण रंगात रुततो आणि कड जळते. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) मागवा. ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी मऊ झाडूने उतरवा, रात्रीच्या दवानेही त्याचे तांबडे ठिपके पडतात. स्क्रूचा रबरी वायसर किंचित फुगेल एवढाच आवळा. चिरडला की दोन उन्हाळ्यांत फाटतो. संध्याकाळी एका स्क्रूवर लटकलेला पत्रा ठेवून कुणीही घरी जायचं नाही.

खिळे वेचणं

हे काम रोज संध्याकाळी करायचं, शेवटी एकदाच नव्हे. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काठीला बांधा आणि जमिनीपासून बोटभर उंचीवरून हळू फिरवा. आधी उभं, मग आडवं. पिशवी उलटी केली की खिळे डब्यात पडतात. सुरुवात गव्हाण, कडब्याची जागा आणि जनावरांची वाट इथून करा, मग अंगण, मग बोळ आणि शेजाऱ्याचा परसही. जुन्या रिपा आणि वासे रचण्याआधी त्यातले खिळे काढा. लाकडं दाराआड ठेवली की तो खिळा कुणाच्या तरी पायात जाणारच. मजुरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पहिला मोठा पाऊस झाला की वळचणीखालची माती धुपते आणि आत दडलेले खिळे वर येतात. जनावरं परत बांधण्याआधी, जमीन वाफशाला आल्यावर, चुंबक पुन्हा एकदा सगळीकडून फिरवा.